गणपतीत सासरी पाच दिवस, एचबीएवनसी ६.२, आणि "एकाने काय होतंय"

वाटलीडाळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय तर सांभाळून घ्या.

वय ४१, जुलैत ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं त्यात एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे अलीकडची बाजू, डायबिटीस नाही पण दारात उभा आहे, गोळी नको आत्ता, वजन पाच-सहा किलो उतरवा, चाला, तीन महिन्यांनी परत बघू. ठीक आहे म्हटलं. महिना दीड महिना नीट चाललं होतं, साखरेचा चहा बंद, रात्री भाकरी, सकाळी चालणं, दोन किलो गेले पण.

आता गणपती आले. सासर राजापूरकडे, आम्ही पुण्याहून पाच दिवस जातो, गौरी-गणपती एकत्र जातात. घरात सोळा-सतरा माणसं. आणि तिकडे खाण्याचं काय सांगू, पहिल्या दिवशी उकडीचे मोदक, सासूबाई स्वतः वाढतात आणि मोजतात, मोठ्या जाऊबाईंनी पाच खाल्ले आणि मी तीन तर "पुण्याची माणसं खात नाहीत बाई". गौरीला आमच्याकडे तिखटाचा नैवेद्य असतो म्हणजे वडे-सागोती, वडे थांबतच नाहीत. आणि रोज संध्याकाळी वाडीत आरत्या, आठ-दहा घरं, प्रत्येक घरी खिरापत, पेढा, केळं, कुठे करंजी, कुठे चहा, नाही म्हणायचं तर प्रसाद, प्रसादाला कसं नाही म्हणणार. गेल्या वर्षी पाच दिवसांत अडीच किलो वाढून आले होते, खोटं नाही सांगत.

रिपोर्टचं सासरी सांगितलेलं नाही आणि सांगायचंही नाहीये. सांगितलं की संपूर्ण वाडीत "धाकट्या सुनेला शुगर" होणार, आणि मग कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर, कुणाच्या तरी मावसभावाला कशाने बरं वाटलं ते सगळं. नवरा म्हणतो खाऊन घे, आल्यावर बघू. त्याचं काय, तो काही खाल्लं तरी बारीक.

इंटरनेटवर वाचलं तर लहान ताटली घ्या, हळू चावा, पाणी प्या. अहो पंगतीत केळीचं पान असतं, लहान ताटली कुठून आणू? कुणी प्रत्यक्ष असं निभावलंय का ते सांगा. कुणाला न दुखवता.

---

मधलीसून

वाढायला घे. बाकी काही करू नकोस, फक्त वाढायला घे.

मी सातारची, आमच्याकडे गौरीच्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या, माणसं पंचवीस. लग्नानंतर चार वर्षं पंगतीत बसून आग्रह खाल्ला, मग एक वर्ष सासूबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून वाढप माझ्याकडे आलं आणि तेव्हा कळलं की वाढणाऱ्या बाईला कुणी आग्रह करत नाही. उलट सगळे म्हणतात किती राबतेय बिचारी. तू आग्रह करणारी होतेस ना, तुला कोण करणार! तेव्हापासून मी पदर खोचून भाजीची बादली धरते ती सोडत नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेव, ही मी ठेच खाऊन शिकले. वाढणाऱ्यांची पंगत शेवटी बसते आणि तोपर्यंत कोशिंबीर, पालेभाजी, उसळ सगळं संपलेलं असतं, उरतं काय तर पुरण, भात आणि तळण. आणि तीन वाजलेले असतात, पोटात आग पडलेली असते, मग माणूस कसंही खातं. म्हणून वाढायला सुरुवात करायच्या आधीच दोन वाट्या भाजी, एक वाटी उसळ बाजूला झाकून ठेवायची, आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर वाढायच्या आधी उभ्या उभ्या वाटीभर ताक प्यायचं.

पानाचा प्रश्न म्हणशील तर पान लहान नाही करता येत पण डावं-उजवं करता येतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे असते आणि आपण ती बोटाने चाखायची वस्तू समजतो. मी डावीकडे पळीभर कोशिंबीर वाढून घेते, आधी ती आणि उजवीकडची भाजी-उसळ संपवते, मग पोळी. आणि भाताचं बघ, आपल्याकडे पंगतीत भात तीनदा येतो, सुरुवातीला वरणभात, मधे मसालेभात, शेवटी ताकभात. तीन भात! कुणाच्या लक्षातही येत नाही. मी पहिला मुदीएवढा घेते नैवेद्याचा म्हणून आणि मधला सोडते, आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

---

गुळाचीढेप

मोदकात गूळ असतो साखर नाही, गूळ नैसर्गिक आहे, त्यात लोह असतं, खोबरं पण चांगलं, आपले पूर्वज काय वेडे होते का. खा बिनधास्त. बाहेरचे पेढे बर्फी टाळा फक्त.

---

औषधांचंदुकान

@गुळाचीढेप, राग मानू नका पण हे वाक्य काउंटरवर रोज ऐकतो आणि त्याच माणसाला पुढच्या महिन्यात गोळीचा डोस वाढवून आलेला बघतो. गूळ म्हणजे उसाचाच रस आटवलेला, त्यात बहुतेक सगळी साखरच आहे, थोडी खनिजं जास्त इतकंच. लोहासाठी गूळ खायचा तर इतका खावा लागेल की लोहापेक्षा बाकीचंच जास्त होईल. रक्तातली शुगर गूळ आणि साखर वेगळं ओळखत नाही. पूर्वज वेडे नव्हते, ते नांगर धरत होते आणि मोदक वर्षातून एकदा खात होते.

तसंच शुगरफ्री मिठाईचं. डबा बघून लोक दुप्पट खातात. साखर नसेल पण खवा आहे, तूप आहे, कशात मैदा आहे. शुगरफ्री लिहिलं म्हणजे मोकळं रान नव्हे.

ताई, मोदक खा. पण जेवणात खा, जेवणावर नको. म्हणजे भाजी, वरण, उसळ खाऊन मग एक किंवा दोन, भाताच्या ऐवजी, कारण उकड म्हणजे तांदूळच आहे. भाजी-डाळ आधी आणि पिठूळ-गोड शेवटी असं खाल्लं की जेवणानंतरची शुगर तेवढी उसळत नाही. आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं चालायचं, त्याने खरंच फरक पडतो, शुगर मोजायच्या मशीनवर दिसतो.

---

गुळाचीढेप

बरं बाबा. आमची आजी ९१ वर्षं जगली गूळ खाऊन, इतकंच बोलतो.

---

सांगलीकर_आजोबा

विषय जरा बाजूला नेतो, पण यातून कुणाचा तरी जीव वाचेल म्हणून लिहितो. वय ७२, मधुमेह बावीस वर्षं.

सगळे जास्त खाण्याबद्दल बोलतात. मला त्रास झाला तो उशिरा खाण्याचा. तीन वर्षांपूर्वी गौरीजेवण मुलाकडे होतं. सकाळी नेहमीप्रमाणे साडेआठला ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर खाली आणणारी गोळी घेतली, सवयीने. नाश्ता केला नाही कारण नैवेद्याआधी खायचं नाही असं आमच्या घरात. नैवेद्य साडेबाराला होणार होता. गुरुजी दुसऱ्या घरी अडकले, सवाष्ण यायची होती, ती रिक्षात अडकली, करता करता अडीच वाजले. मी सोफ्यावर बसून होतो, हाताला कापरं भरलं, घामाने सदरा ओला, समोरचा नातू काय बोलतोय ते कळेना. सुनेला वाटलं उकडतंय म्हणून पंखा वाढवला. मुलगी आली होती तिने मशीन आणलं, ५४. सत्तरच्या खाली गेलं की धोक्याचं असतं.

त्यात गंमत म्हणजे घरातल्या एका काकूंनी पटकन बेसनलाडू तोंडात घातला. चुकीचं. तुपामुळे त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, कमीच असेल तर परत द्यायची, आणि वर आलं की मग पोळी-भात काहीतरी खायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा.

तुमची गोळीच नाही त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही, मेटफॉर्मिन या शुगरच्याच दुसऱ्या गोळीने एकट्याने सहसा असं होत नाही, पण घरात सासरे, काका कुणी अशा गोळीवर किंवा इन्सुलिनवर असतील तर त्यांचं ताट वेळेवर वाढा. देव रागावत नाही. आमच्याकडे आता माझं पान साडेबाराला वेगळं मांडतात, नैवेद्य झाला असो नसो. आधी मला लाज वाटायची. आता वाटत नाही. आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते सणाआधीच डॉक्टरांना विचारून ठेवतो, स्वतःच्या मनाने बंद-चालू करत नाही.

---

काळावाटाणा

अरे राजापूर म्हणजे आमच्याच बाजूच्या की तुम्ही!

ताई मला उलट वाटतं. गणपतीतलं खाणं पहिल्या दिवसाचा मोदक आणि गौरीचे वडे सोडले तर वर्षातलं सगळ्यात चांगलं खाणं आहे हो. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी असते ना? बैलाच्या कष्टाचं काही नाही, परसात हाताने लावलेलं, अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडकं, भोपळा, भेंडी, मक्याचं कणीस, चिंचेचा कोळ, वरून ओलं खोबरं. आमची आई त्यात तेलाचा थेंब घालत नाही, फोडणीच नाही. ती भाजी चार वाट्या खा, सासूबाई खूश, वाडी खूश, डॉक्टर पण खूश. "आई, तुमच्यासारखी ऋषीची भाजी पुण्यात होत नाही, अजून वाढा" एवढं वाक्य म्हटलं की पुढचे दोन दिवस मोदकांचा हिशोब कुणी मागत नाही, लिहून घ्या. आग्रह करणाऱ्याला तुम्ही नाही म्हटल्याचं दुःख नसतं, आपलं केलेलं कुणी मागून घेत नाही याचं असतं. एक पदार्थ मागून मागून खा, बाकीचे सुटतात.

काळ्या वाटाण्याची उसळ असतेच रात्री भजनाला, ती दोन वाट्या खा, पाव नको, बटाटेवडा नको.

आता आरत्यांचं. तिथे खरी गोम आहे, तुम्ही बरोबर ओळखलंत. दहा घरं म्हणजे दहा वेळा हातावर काहीतरी पडतं आणि ते कुणी जेवणात धरतच नाही. मी काय करतो, पंचखाद्याची चिमूट तोंडात टाकतो, तो झाला प्रसाद. पेढा, करंजी, केळं रुमालात. घरी आलं की ती पुरचुंडी पोरांसमोर सोडायची, दोन मिनिटांत फस्त. प्रसाद टाकला नाही, पायदळी आला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही. आमच्याकडे अर्ध्या वाडीचे बाप्ये असंच करतात, शुगर असलेले आणि नसलेले. आणि झांज घ्या हातात, झांज वाजवणाऱ्याला कुणी चहाचा कप देऊ शकत नाही :)

---

माटोळी

आमच्या गोव्यात चवथीला खतखतं असतं, त्याचीही तीच गोष्ट, भाज्या कंद भरपूर, तूरडाळ, खोबरं, तिरफळ. नेवऱ्या तळतात पण पातोळ्या हळदीच्या पानात वाफवतात. मी पातोळी खाते आणि नेवऱ्या नवऱ्याच्या ताटात सरकवते. तेवढं नवऱ्याचा उपयोग.

---

बिनसाखरेचा

सगळे सणावर घसरलेत. मी हिशोब सांगतो जरा. ओपीने (धागा काढणाऱ्या ताईंनी) चहातली साखर सोडली ते सगळ्यात मोठं काम केलंय. एक चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. घरी ऑफिसात धरून चार चहा, प्रत्येकी दोन चमचे, झाले ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. म्हणजे सण नाही, गोड नाही, साधा मंगळवार आहे आणि माणूस चहातच ओलांडून गेला. वर चहाबरोबर बिस्किटं. आणि मग हाच माणूस वर्षात एकदा मोदकासमोर बसून "नको हं मी डाएटवर आहे" म्हणतो तेव्हा मला फार हसू येतं.

माझं मत, पाच दिवस खा. तीनशे साठ दिवस नीट वागा.

---

औषधांचंदुकान

@बिनसाखरेचा हिशोब बरोबर पण सण पाच दिवसांचा कुठे राहिलाय आता. राखीपौर्णिमेच्या नारळीभातापासून सुरू होतं ते गणपती, दसऱ्याचं श्रीखंड, कोजागिरीचं दूध, दिवाळी, मग तुळशीचं लग्न झालं की खरी लग्नं सुरू, संक्रांतीचे लाडू. पाचेक महिन्यांचा मामला आहे आणि एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. दिवाळीनंतरचे रिपोर्ट आम्ही दरवर्षी बघतो.

---

डॅलसचीचकली

इकडे अमेरिकेत तर सण पण दिवसाप्रमाणे नाही, वीकेंडप्रमाणे. दिवाळी एक आणि पार्ट्या सहा, सलग सहा शनिवार, प्रत्येकाकडे पॉटलक आणि प्रत्येक जण गोडच आणतो कारण गोड विकत मिळतं. मी दोन वर्षांपूर्वी कंटाळून मोड आलेल्या मुगाची उसळ आणि काकडीची खमंग कोशिंबीर न्यायला लागले, मनात म्हटलं निदान आपल्याला खाता येईल. तर सगळ्यात आधी तेच भांडं रिकामं होतं! आता मलाच उरत नाही म्हणून घरून खाऊन जाते.

भारतातून आईने पाठवलेल्या फराळाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भाजक्या पोह्यांचा चिवडा रात्री अकराला डब्यात हात घालून खाल्ला जातो, वाटीत काढून घेत नाही तोपर्यंत थांबत नाही. वाटीत घ्या आणि डबा वरच्या कपाटात ठेवा एवढंच सांगू शकते, स्वतः पाळते असं नाही.

---

वाटलीडाळ

सगळ्यांना धन्यवाद, कालच परत आले, म्हटलं लगेच लिहून टाकते नाहीतर राहून जाईल.

पहिल्या दिवशी हरले. चार मोदक. वाढायला घेतलं होतं, मधलीसून ताईंचं ऐकून भाजी पण झाकून ठेवली होती, पण सासूबाई स्वतः माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या ही पारी बघ कशी पातळ झाली यंदा, हात थरथरतो आता, पुढच्या वर्षी जमेल की नाही. आता सांगा यावर कोण नाही म्हणेल. भात मात्र अजिबात घेतला नाही आणि जेवून विहिरीपर्यंत तीन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी, काळावाटाणा दादा, तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तीन वाट्या खाल्ल्या. सासूबाईंनी शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं की धाकटी माझ्याकडून भाजी शिकून घेणार आहे. म्हणजे आता शिकावी लागणार. रुमालाची आयडिया पण चालली, फक्त पहिल्या रात्री पेढा ओढणीच्या गाठीत बांधलेला विसरले आणि सकाळी मुंग्या.

गौरीच्या दिवशी सागोती खाल्ली, वडे दोन. वांदे झाले ते वेगळ्याच कारणाने. माझ्या बॅगेत शुगर मोजायचं मशीन होतं, लपवून नेलं होतं, ते नणदेच्या मुलाला सापडलं आणि तो ते घेऊन सरळ ओटीवर, सगळ्यांसमोर, "मामी हे काय आहे?" झालं. मला वाटलं आता कारल्याचा रस. पण झालं भलतंच, सगळ्यांनाच मोजून बघायचं होतं! रांग लागली. प्रत्येकाला सुई नवीन लावत होते मी, एकीकडे भजनाची तयारी, एकीकडे बोटं टोचणं चालू. पंचवीस पट्ट्यांची डबी तासात संपली. जेवून दोन तास झाले होते. माझी १३४. नवऱ्याची, जो काही खाल्लं तरी बारीक, १६८. आता तोंड बंद आहे त्याचं. आणि चुलत सासऱ्यांची २३८. त्यांना काही पत्ताच नव्हता, आयुष्यात कधी तपासलेलं नाही. म्हणाले तुझं मशीन चायनाचं आहे. परत मोजलं, २४१. मग गप्प बसले आणि हातातला वडा पानात ठेवला.

@सांगलीकर_आजोबा, तुमची पोस्ट मी सगळ्यांना वाचून दाखवली. मोठे दीर अशाच गोळीवर आहेत असं तेव्हा कळलं, ते मला माहीतच नव्हतं. विसर्जनाच्या दिवशी त्यांचं पान सगळ्यांच्या आधी मांडलं, सासूबाईंनीच, कुणाला काही न विचारता.

काकांना सोमवारी राजापुरात लॅबला न्यायचं ठरलंय, उपाशीपोटी आणि एचबीएवनसी दोन्ही करा म्हणून सांगून आलेय. ते अजून म्हणतायत मशीनचाच दोष. वजन माझं सातशे ग्रॅम वाढलं. पट्ट्यांची नवीन डबी मागवलीय, यावेळी पन्नासची, दिवाळीला सगळे पुण्यात आमच्याकडे येणार आहेत आणि नणदेने आत्ताच फोन करून विचारलं, मशीन आहे ना गं अजून?

---

मधलीसून

सातशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही गं. आणि ओढणी नको, रुमालच घे, मुंग्यांचं मी सांगायला विसरले.